सेव्ह केलेली फाइल आतून शून्य: सेव्ह दाबल्यावर मजकूर नेमका जातो कुठे?

शाईदौत | मंगळवार, रात्री ११:०८

नमस्कार. सांगलीत माझं डीटीपीचं छोटं काम आहे, एकवीस वर्षं झाली. जवळच्या एका गावातल्या निवृत्त गुरुजींनी गावाचा इतिहास लिहिलाय, ११२ पानांचा. कोणती विहीर कुणी खणली, १९७२च्या दुष्काळात कुठल्या नाल्यावर काम निघालं, गावातली पहिली मुलगी मॅट्रिक कधी झाली, असं सगळं. हस्तलिखित माझ्याकडे आहे, पण दुरुस्त्या त्यांनी माझ्या शेजारी बसून तोंडी सांगितल्या. त्या फक्त फाइलमध्येच होत्या.

काल संध्याकाळी साडेसहाला शेवटची दुरुस्ती केली, कंट्रोल-एस दाबलं, सेव्ह झाल्याचं दिसलं. दोन-तीन सेकंदांत लाइट गेली. यूपीएसनं एकदा आवाज केला आणि तोही बंद. आज सकाळी फाइल उघडेना. आकार बरोबर दिसतोय, १४ एमबी. तारीख-वेळही कालचीच. शेजारच्या मुलानं हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले कच्चे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडून दाखवली, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती ००, ००, ००.

विंडोज १०, ५०० जीबीची हार्ड डिस्क, ७२०० आरपीएमची. पानं लावायचं सॉफ्टवेअर बरंच जुनं, फॉन्टही जुना, युनिकोडच्या आधीचा. बॅकअप पंधरा दिवसांपूर्वीचा, त्यात ४०च पानं.

मी सेव्ह केलं होतं. कॉम्प्युटरनंही सेव्ह झालं म्हणून सांगितलं. मग ते गेलं कुठे?


गिरमिट | मंगळवार, रात्री ११:२१

ताई, हे वाचत असाल त्या क्षणी ते मशीन बंद करा. चालू असलेली विंडोज गप्प बसत नाही. अपडेट उतरवते, तात्पुरत्या फाइली करते, ब्राउझर काही ना काही साठवत राहतो. तुमचा जुना मजकूर डिस्कच्या ज्या जागेवर असेल, त्याच जागेवर यातलं काहीतरी जाऊन बसू शकतं. रिकव्हरीचं कुठलंही सॉफ्टवेअर त्या डिस्कवर टाकू नका. त्यानंच मजकूर पुसला गेल्याची उदाहरणं नाशिकला माझ्या टेबलावर आली आहेत.

उद्या डिस्क बाहेर काढून दुसऱ्या मशीनला लावा आणि आधी तिची पूर्ण नक्कल करा. फाइलींची नव्हे, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत अख्ख्या डिस्कची. पुढचं सगळं त्या नकलेवर. लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर हे काम उत्तम करतं.


शाईदौत | मंगळवार, रात्री ११:२६

बंद केलं. आता मोबाइलवरून लिहितेय. सकाळपासून दोन बिलं छापली आणि एक पत्रिका केली त्याच मशीनवर. माहीतच नव्हतं.


पाटीपेन्सिल | बुधवार, सकाळी ७:१५

शाईदौत ताई, वाचून फार वाईट वाटलं. मी शाळेत गणित शिकवायचो, यातलं मला फारसं कळत नाही, पण एक गोष्ट सुटत नाहीये. फाइल गेली असती तर समजलं असतं. आकार बरोबर, वेळ बरोबर आणि आत शून्य, हे कसं शक्य आहे?


खालचा थर | बुधवार, सकाळी ९:५०

ताई, गिरमिट दादांनी सांगितलंय ते आधी करा. हे वाचणं नंतर.

सर, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. हार्ड डिस्कला ‘फाइल’ ही गोष्टच माहीत नसते. तिला फक्त क्रमांक दिलेले कप्पे कळतात, म्हणजे सेक्टर. अमुक क्रमांकापासून इतके वाच, तमुक क्रमांकापासून इतके लिही, एवढंच तिला सांगता येतं. नाव, तारीख, फोल्डर हा सगळा संसार फाइल सिस्टिमचा. विंडोजवर ती एनटीएफएस, १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली. तिच्याकडे सगळ्या फाइलींची एक मोठी नोंदवही असते: ही फाइल, हा आकार, ही वेळ आणि तिचा मजकूर डिस्कवरच्या या-या गटांत. एक गट सहसा ४ केबीचा, त्यामुळे १४ एमबीची फाइल म्हणजे साधारण साडेतीन हजार गट.

सातबारा डोळ्यासमोर आणा. उताऱ्यावर नाव असतं, क्षेत्र असतं, गट नंबर असतो. पण उतारा म्हणजे जमीन नव्हे. ताईंच्या फाइलचा फेरफार रीतसर नोंदला गेला, शेतात मात्र पेरणी झालीच नाही.

आता सेव्ह दाबल्यावर काय होतं ते. तुमचं सॉफ्टवेअर स्वतः डिस्कला हात लावू शकत नाही, तशी परवानगीच नसते. ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, कर्नलला, विनंती करतं की या फाइलमध्ये हे १४ एमबी लिही. कर्नल तो मजकूर रॅममधल्या स्वतःच्या राखीव जागेत उतरवून घेतो (तिला पेज कॅश म्हणतात) आणि तिथूनच ‘झालं’ म्हणून कळवतो. सॉफ्टवेअरच्या लेखी काम संपलं, तुम्हाला सेव्ह झाल्याचं दिसलं. डिस्कचं हेड, म्हणजे तिच्यातल्या फिरत्या तबकडीवर लिहिणारं टोक, तोवर जागचं हललेलंही नसतं.

मग विंडोजमधला एक कामगार दर सेकंदाला उठतो आणि साचलेल्या मजकुराचा साधारण आठवा हिस्सा डिस्ककडे पाठवायला घेतो. लिनक्सवर असाच कामगार दर ५ सेकंदांनी उठतो आणि मजकूर ३० सेकंदांपर्यंत रॅममध्ये राहू शकतो. पुढे ड्रायव्हर डिस्कला हुकूम देतो, कंट्रोलर तो मजकूर प्रोसेसरला मधे न घेता थेट रॅममधून ओढून घेतो. आणि डिस्कच्या हिरव्या सर्किट पट्टीवरही स्वतःची छोटी रॅम असते, तिथे मजकूर पोचला की डिस्कसुद्धा ‘झालं’ म्हणते. तबकडीवर तो त्यानंतर उतरतो.

म्हणजे वाटेत दोन मुक्काम असे आहेत, जिथे तुमचं अक्षर निव्वळ विजेवर उभं असतं. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला भार. दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो, नाहीतर ओसरतो. लाइट गेली की संपलं.

नोंदवहीची गोष्ट वेगळी. एनटीएफएस नोंदवहीतला प्रत्येक बदल आधी एका कच्च्या वहीत टिपून ठेवते. वीज परत आल्यावर ती कच्ची वही वाचून नोंदवही सुसंगत करते, म्हणून विंडोज धडपणे चालू होते. पण ही काळजी फक्त नोंदवहीची घेतली जाते, मजकुराची नाही. आकार आणि वेळ वाचली ती त्यामुळे.


पाटीपेन्सिल | बुधवार, सकाळी १०:३०

आता समजलं. पण मग लगेच डिस्कवर का लिहीत नाहीत? थोडा वेळ लागला तर लागला.


खालचा थर | बुधवार, दुपारी १:१०

सर, तुम्हाला आकड्यांतच सांगतो. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर न्यायला आणखी ८-९. झाले १३ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या जागी लिहायचं तर डिस्क सेकंदाला जेमतेम ७५-८० ठिकाणी जाऊ शकते. साडेतीन हजार गट एकेक करून वेगवेगळ्या जागी लिहायचे ठरले तर पाऊण मिनिट. तेच गोळा करून सलग लिहिले तर सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा पुरतो. साठवून मग लिहिण्यामागे हा हिशेब आहे.

रॅममधून एखादी गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. तो वेळ १ सेकंद धरा, स्वयंपाकघरातून वाटी आणण्याइतका. त्याच मापानं चांगल्या एसएसडीकडून (तबकडीऐवजी चिपवर मजकूर ठेवणाऱ्या डिस्ककडून) आणायला १७ मिनिटं लागतील, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आल्यासारखी. आणि हार्ड डिस्ककडून आणायला ३६ तास. दर वाटीसाठी कुणी ३६ तास थांबणार नाही. त्यामुळे ही साठवण चूक नाही, तिच्यावाचून संगणक वापरताच येणार नाही. चूक आहे ती सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं ती साठवण विसरण्यात.

कारण कर्नलला स्पष्ट सांगायची सोय आहे. विंडोजवर तिला ‘फ्लश फाइल बफर्स’ म्हणतात, युनिक्स घराण्यात ‘एफसिंक’. अर्थ एकच: मजकूर तळाला पोचेपर्यंत मला ‘झालं’ म्हणू नकोस. जबाबदार सॉफ्टवेअर जुन्या फाइलला हातच लावत नाही. नवा मजकूर वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितं, तळापर्यंत पोचवतं आणि मगच नावांची अदलाबदल करतं. लाइट कधीही जावो, जुनी फाइल अख्खी मिळते किंवा नवी अख्खी मिळते. ताईंच्या सॉफ्टवेअरनं बहुधा जुनी फाइल आधी रिकामी केली आणि मग तिच्यातच लिहायला घेतलं. त्या दोन-तीन सेकंदांत नोंदवहीच्या लेखी जुनी फाइल उरली नव्हती आणि नवी आलेली नव्हती.


कोकणकडा | बुधवार, दुपारी ३:४४

म्हणून म्हणतो लिनक्स वापरा. तिथे असले प्रकार होत नाहीत.


खालचा थर | बुधवार, संध्याकाळी ६:०५

कोकणकडा, माझं रोजचं काम लिनक्सवरच आहे, तरी हे मान्य करता येणार नाही. २००९ साली ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम नवीन होती तेव्हा नेमकी हीच तक्रार आली होती. मशीन अडकून बंद पडलं की लोकांच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या होऊन बसायच्या. ईएक्सटी४ मजकुराला डिस्कवरची जागा उशिरा, लिहायच्या वेळी नेमते, त्याचा तो परिणाम. तिची धुरा सांभाळणारे थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की प्रोग्रॅमनं एफसिंक करायला हवं, तो करत नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच होतं. तरीही शेवटी फाइल सिस्टिममध्येच तडजोड करावी लागली: फाइल रिकामी करून लगेच परत लिहिली किंवा नाव बदलून जुनीच्या जागी ठेवली, तर ईएक्सटी४ आता मजकूर लवकर खाली पाठवते. मला ते योग्य वाटतं. नियम प्रोग्रॅमरनं मोडायचा आणि फळ गुरुजींनी भोगायचं, हे बरोबर नाही.

याहून मोठा धक्का २०१८चा. पोस्टग्रेस हा डेटाबेस एफसिंक इमानदारीनं करायचा. पण डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्स ती एकदा कळवायचा आणि त्या मजकुरावरची ‘लिहायचं बाकी’ ही खूण काढून टाकायचा. पोस्टग्रेस पुन्हा एफसिंक मागायचा आणि या वेळी उत्तर यायचं, सगळं ठीक. मजकूर मात्र डिस्कवर नसायचा. कित्येक वर्षं जगभरातल्या जाणत्या लोकांच्या नजरेतून हे निसटलं होतं. पुढच्या वर्षी पोस्टग्रेसनं धोरण बदललं: एफसिंक एकदा जरी फसलं तरी सगळं थांबवायचं आणि स्वतःच्या नोंदींवरून पुन्हा उभं राहायचं.

पुण्यात या कामात आयुष्य घालवलेली माणसं पुष्कळ आहेत. व्हेरिटास या कंपनीच्या फाइल सिस्टिमवर इथे वर्षानुवर्षं काम झालं. त्यांच्यातल्या कुणालाही ‘सेव्ह झालं म्हणजे काय’ असं विचारा, उत्तर एका वाक्यात संपत नाही.


गिरमिट | बुधवार, रात्री ९:३२

थर दादांनी आतलं सांगितलं, मी दुकानातलं सांगतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क ड्राइव्ह्ज, तिथे तुमच्या डिस्कच्या प्रॉपर्टीज, पॉलिसीज. तिथे दोन चौकटी असतात. पहिली, डिस्कची स्वतःची कॅश, म्हणजे थर दादांनी सांगितलेली तिची छोटी रॅम, वापरायची का. ती राहू द्या. दुसरी, विंडोजनं फ्लशचा हुकूम डिस्कला देणंच बंद करायचं का. वेग वाढवायच्या व्हिडिओंमध्ये या दुसऱ्या चौकटीवर खूण करायला सांगतात. खात्रीचा वीजपुरवठा नसलेल्या मशीनवर ती कधीही करू नका. ती केली की वर सांगितलेली सगळी काळजी घेणारं सॉफ्टवेअरसुद्धा हतबल होतं.

डिस्क स्वतः बचावली याचं कारण तिची रचना. चालू डिस्कमध्ये हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. लाइट गेली की तबकड्यांच्या उरलेल्या वेगावर मोटर जनित्रासारखी चालते आणि त्या विजेवर हेड सुखरूप बाजूला नेलं जातं. मी हे काम इतकी वर्षं करतोय, तरी मला याचं अजून अप्रूप आहे.

आणि यूपीएस, ताई. आवाज करून लगेच बंद पडला म्हणजे बॅटरी मेली आहे. दिवा हिरवा दिसतो म्हणून आपण निर्धास्त राहतो.


शाईदौत | बुधवार, रात्री १०:१५

डिस्क काढली. उद्या नक्कल करायला एक जण येणार आहे. गुरुजींना अजून सांगितलेलं नाही.

त्या शून्यांमधून काही मिळेल का हो?


खालचा थर | बुधवार, रात्री ११:४०

मिळण्याची शक्यता मला चांगली वाटते, कारण ती शून्यं बहुधा डिस्कवर नाहीतच.

एनटीएफएस प्रत्येक फाइलसाठी दोन आकडे ठेवते. एक फाइलचा आकार, दुसरा तिच्यात खरोखर कुठपर्यंत लिहून झालंय तो. आकार १४ एमबी आणि लिहून झालंय शून्य, अशी अवस्था असेल तर फाइल वाचताना ती डिस्कवर बघतसुद्धा नाही, स्वतःच शून्यं काढून देते. हे मुद्दाम केलेलं आहे. नाहीतर नवीन फाइलला मिळालेल्या जागेत आधी कुणाचा तरी मजकूर असेल, तो तिसऱ्यालाच दिसेल.

आणि तुमची जुनी फाइल, म्हणजे त्याआधीच्या सेव्हची, ती रिकामी केली तेव्हा फक्त नोंदवहीत तिचे गट ‘मोकळे’ झाले. उताऱ्यावरचं नाव गेलं म्हणून शेतातली विहीर बुजत नाही. त्या जागेवर आजपर्यंत दुसरं काही लिहिलं गेलं नसेल, तर तो मजकूर तिथेच आहे.

तो शोधायचा कसा हे नीट वाचा, कारण इथे मराठी मजकुराची एक खास अडचण आहे. फोटोरेकसारखी सॉफ्टवेअरं फाइलच्या सुरुवातीची ओळखीची खूण शोधतात आणि तिथून पुढचं सलग उचलतात. फाइल तुकड्यांत विखुरलेली असेल तर ती फसतात. तेव्हा नकलेत थेट शब्द शोधायचा. पण युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या नेहमीच्या मराठी टायपिंगमध्ये, ‘पाणवठा’ शोधलात तर काहीही सापडणार नाही. तुमच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं नसतातच, रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. म्हणून पुस्तकात वारंवार येणारा आणि तुमच्या इतर कामांत न येणारा एखादा शब्द त्याच फॉन्टमध्ये टाइप करा, मग त्याला साधा इंग्रजी फॉन्ट लावा. जी निरर्थक दिसणारी अक्षरं समोर येतील, डिस्कवर तीच आहेत. हेक्स एडिटरमध्ये नक्कल उघडून तीच शोधा. एकदा सापडला की त्याच्या मागे-पुढे बघत जा.


शाईदौत | शनिवार, रात्री ८:५०

सापडलं.

यूएसबीच्या जुन्या डबीतून नक्कल व्हायला चार तास लागले. ‘पाणवठा’ हाच शब्द घेतला. पहिल्यांदा एक सापडला, मग एकापाठोपाठ एक, तेवीस ठिकाणी. रोमन गिचमिड तुकड्या-तुकड्यानं उचलून नवीन पानावर टाकली, फॉन्ट लावला आणि गुरुजींची वाक्यं समोर उभी राहिली. माझे हात थरथरत होते. फाइल तीन ठिकाणी विखुरलेली होती. दोन तुकडे मिळाले, तिसऱ्याच्या जागेवर मंगळवारच्या पत्रिकेतलं चित्र बसलंय. ११२ पैकी ८७ पानांचा मजकूर आला. मांडणी नाही आली, पानं पुन्हा लावावी लागतील, पण ते माझं रोजचंच काम आहे.

काल गुरुजींना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, उरलेल्या पानांसाठी मी परत येऊन बसतो. आज तीन तास बसले. एका विहिरीचं साल या वेळी घरच्या जुन्या पावतीवरून तपासून आले होते, मागच्या वेळी आठवणीतून सांगितलं होतं ते दोन वर्षांनी चुकलं होतं.

एक शंका. नकलेसाठी घेतलेल्या नव्या डिस्कवर १ टीबी छापलंय, विंडोज ९३१ जीबी दाखवते. फसवणूक झाली का?


पाटीपेन्सिल | शनिवार, रात्री ९:०५

फार आनंद झाला ताई! आणि याचं उत्तर मी देऊ शकतो. डिस्कवाले १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्यं इतके बाइट मोजतात. विंडोज त्याला १०२४नं तीनदा भागते. भागून बघा, ९३१च येतात. जागा पुरेपूर आहे.


कोकणकडा | रविवार, सकाळी ८:२०

अभिनंदन ताई. थर दादा, माझं वरचं वाक्य मागे घेतो. एक विचारतो: हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असती तर हे झालंच नसतं ना?


खालचा थर | रविवार, सकाळी ११:१५

एसएसडीवर ती दोन-तीन सेकंदं कदाचित एकच झाली असती. पण लाइट त्यातच गेली असती तर यातलं काहीही परत मिळालं नसतं, असंच धरून चाला.

हार्ड डिस्क जुन्यावर नवं लिहू शकते. फ्लॅश चिपला ते जमत नाही. तिथे लिहायचं काही केबींच्या एकेका पानानं, पण पुसायचं मात्र शेकडो पानांचा अख्खा ठोकळा एकदम. म्हणून एसएसडीच्या आत स्वतःचा एक प्रोसेसर असतो. तो नवा मजकूर कायम कोऱ्या पानावर लिहितो आणि कोणता क्रमांक आता कुठे राहतो याची यादी ठेवतो. एसएसडीला कोरी पानं तयार ठेवता यावीत म्हणून विंडोज फाइल पुसली की ट्रिम नावाचा हुकूम पाठवते: हे गट आता मोकळे आहेत. त्यानंतर ते गट वाचायला गेलात तर बहुतेक एसएसडी शून्यंच देतात आणि आतला मजकूर सवडीनं खरोखर पुसला जातो. ताईंची विहीर शिल्लक राहिली ती हार्ड डिस्क होती म्हणून.

कामासाठी एसएसडी जरूर घ्या, वेगाचा फरक जमीन-अस्मानाचा आहे. पण बॅकअप रोजचा ठेवा, आणि जुनी कामं एसएसडीवर टाकून ती वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवू नका. फ्लॅशमधला मजकूरही अडकवून ठेवलेला विद्युतभारच असतो. घरगुती एसएसडीसाठीचं मानक, लिखाणाची मर्यादा संपत आल्यावर, ३० अंशांत विजेविना एका वर्षाची हमी मागतं. आपल्याकडचा मे महिना त्याहून गरम असतो.


गिरमिट | रविवार, दुपारी १२:४०

ताई, एसएसडी घेण्याआधी तुमच्या मदरबोर्डचा फोटो इथे टाका. एम.टू खाच (एसएसडीची पट्टी बसवायची जागा) दिसली तरी ती साटा चालवते की एनव्हीएमई, म्हणजे जोडणीच्या दोन पद्धतींपैकी कोणती, ते बघावं लागतं. दोन्हींच्या पट्ट्या दिसायला जवळपास सारख्या, आणि चुकीची आणली तर मशीन तिला ओळखत नाही.


शाईदौत | बुधवार, रात्री ९:३०

यूपीएसला नवीन बॅटरी टाकली. आज सगळं बंद करून, नुसता मॉनिटर आणि मशीन ठेवून, भिंतीतली पिन काढली आणि घड्याळ लावलं. चौदा मिनिटं चालला. दर महिन्याच्या एक तारखेला अशी पिन काढून बघायचं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. फाइल आता रोज नव्या नावानं सेव्ह करते, तारखेसकट, आणि संध्याकाळी पेन ड्राइव्हवर उतरवते. पेन ड्राइव्ह काढताना ‘सेफली रिमूव्ह’ करते. ते कशासाठी असतं, हे एकवीस वर्षांनी कळलं.

गुरुजींचं पहिलं प्रूफ आज निघालं. पान ४१वर त्यांनी अजून एक दुरुस्ती सांगितली आहे.